मागच्या डाव्या सीटचा पट्टा

खरं मानायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण हे घडलंय भर दुपारी, नांदेड-लातूर रस्त्यावर, आणि ते मी स्वतः भोगलंय. मी शाळेत गणित शिकवतो. असल्या गोष्टींवर हसणारा माणूस होतो.

नोकरी माझी नांदेडला. बायको श्रद्धा नोकरीसाठी लातूरला, आणि पाच वर्षांची आमची इरा तिच्याजवळ. आठवड्यातून दीड दिवस लेक भेटते. तेवढ्यासाठी जुनी गाडी घेतली आणि डोक्याला ताप करून घेतला.

दर शनिवारी शाळा सुटली की निघायचो. चाकूरच्या अलीकडे एक फाटा आहे. तिथे आलं की डॅशबोर्डवर लाल दिवा लागायचा.

मागचं डावं दार उघडं.

उतरून बघावं तर दार बंद. तरी उघडून पुन्हा आपटायचं. तो दिवा विझायचा आणि दुसरा लागायचा... मागच्या डाव्या सीटचा पट्टा लावलेला नाही. वर टिंग टिंग टिंग, थेट लातूरपर्यंत.

श्रीशैल मेकॅनिकने तीनदा मशीन लावून बघितलं. सेन्सर बदलला, वायर बदलली. शेवटी उंदरावर ढकलून मोकळा झाला.

"सर, मशीनवर बिघाडाचा कोड एकबी न्हाई. सीटवर कुणी बसलं तरच ह्यो दिवा लागतो."

मग काय माझे कान वाजत होते?

दिवाळीच्या सुट्टीआधीचा शनिवार. इराला सुट्टीसाठी नांदेडला न्यायचं होतं. ती सकाळपासून बॅग भरून बसलेली, आणि मला शाळेतच उशीर झालेला. फाटा आला. दार... मग टिंग टिंग टिंग.

माझं टाळकं सटकलं. मागे न बघताच ओरडलो, "बसायचं तर बसा. पण तेवढा पट्टा लावा."

खट्...

टिंगटिंग थांबली. दिवा विझला.

लातूर येईपर्यंत मी आरशात बघितलं नाही.

घरी पोचल्यावर मागचं दार उघडलं. पट्टा लावलेला होता. सीटला टेकलेला नव्हता... वीतभर पुढे, ताणून उभा होता. बटण दाबलं, निघेना. दोन्ही हातांनी ओढलं, तरी निघेना. श्रद्धा म्हणाली, जुनी गाडी, अडकला असेल.

रविवारी तिला ट्रेनिंगला जायचं होतं, इराला ठेवायला कुणी नव्हतं. मी बसस्थानकावर चक्कर मारून आलो. सणाची गर्दी, पाय ठेवायला जागा नाही. स्वतःच्या भित्रेपणाचाच राग आला. दुपारी इराला मागे उजवीकडे बसवलं आणि तिचा पट्टा दोनदा ओढून बघितला.

ती बडबडत होती. मी हं, हं करत होतो. नंतर लक्षात आलं... ती माझ्याशी बोलतच नव्हती.

चाकूर मागे पडलं, फाटा आला.

टिंग...

मागची उजवी सीट. पट्टा लावलेला नाही.

"इरा, पट्टा लाव."

टिंगटिंग थांबेना. गाडी बाजूला घेतली. थांबते न थांबते तोच दुसरा दिवा लागला. मागचं डावं दार उघडं.

मागे वळलो. डावा पट्टा सुटून लोंबत होता. त्या बाजूचं दार खरंच उघडं होतं, आणि इरा सरकत दाराशी पोचली होती. तिचा एक पाय बाहेर होता. मी तिचा फ्रॉक धरला आणि आत ओढलं. तिचा हात बाहेरच्या बाजूला ताणलेलाच राहिला... मग एकदम सैल पडला.

"पट्टा का काढलास?"

"मी नाही काढला. आजींनी काढला. म्हणाल्या, आपलं घर आलं, चल."

फाट्यावर चिटपाखरू नव्हतं.

त्या दिवसापासून गाडीत एकही दिवा लागलेला नाही. झाली न्हाई का दुरुस्त, असं श्रीशैल म्हणतो. गाडी झाकून ठेवलीय. मी एसटीने जातो, इराला तिकडेच भेटतो.

फोनवर ती माझी विचारपूस करत नाही. दर वेळी एकच विचारते, पप्पा, आजींकडे कधी न्यायचं मला.