मठाच्या खिडकीतली वाम

त्याची छत्री आमच्या दुकानाच्या कापडी छताला अडली आणि साचलेलं सगळं पाणी माझ्या ताटावर! ताटात मार्झिपॅनच्या, म्हणजे बदाम-साखरेच्या, अकरा वामा होत्या, माशांसारख्याच वेटोळं घालून बसलेल्या. फक्त चेरीचे डोळे लावायचे राहिले होते.

"अहो, डोळे आहेत का?" मी खेकसले.

"मला आहेत. यांनाच नाहीत," तो म्हणाला.

हसू आलंच मेलं! हा इल्देफोन्सो. समोरच्या गाळ्यात पोलादावर सोन्याची तार ठोकतो. मग रोज चार वाजता यायचा, कॉफी घ्यायचा आणि माझ्या हातांकडे बघत बसायचा… मीही मुद्दाम सावकाश काम करायचे.

"कासिल्दा, नाताळात सगळे एकमेकांना वाम देतात, तुझ्या घरी कुणाची येते?" एकदा त्यानं विचारलं.

"मला कोण देणार? बारा वर्षं मीच अख्ख्या तोलेदो शहराला पुरवतेय."

दुसऱ्या दिवसापासून त्याचं येणं बंद.

आठवड्यानं दुकानातल्या फेलिसानं बातमी आणली. "तुझा इल्देफोन्सो रोज चारला मठात असतो. सिस्टर मार्झिपॅन विकतात त्या खिडकीशी उभा राहून खिदळतो म्हणे. आतली सिस्टर नवीन आहे. आवाज काय गोड गं!"

"माझा कशाला? जाईना का!" म्हणाले खरं, पण अंगाचा तिळपापड झाला. बरं, त्या फिरत्या खिडकीतून फक्त माल आत-बाहेर होतो, माणूस दिसतच नाही. तोंड दिसलं असतं तर नाक तरी मुरडता आलं असतं!

पावणेचारला ॲप्रन फेकला आणि भिजतच मठ गाठला. घंटेची दोरी ओढली.

"आज लवकर?" आतून आवाज आला. खरंच गोड होता, जळला मेला! मी खिडकीला कान लावला.

लाकडी खिडकी गरकन फिरली. समोर एक वाम. शी! डोकं भोपळ्याएवढं, दात एकावर एक, शेपूट तुटकी.

"तुमची कालची भाजली, पण डोकं परत मोठं केलंत!" सिस्टर हसत होती. "सातवी आहे ही. आता द्या बाई त्या कासिल्दाला. बारा वर्षांत कुणी दिली नाही म्हणता, आणि तुम्ही नाताळ उलटवाल."

माझे डोळे भरून आले. "थँक यू, सिस्टर…"

आतून हळूच, "अगंबाई! मी काही बोलले नाही हं!"

वळून बघते तर इल्देफोन्सो! हातात बदामांची पिशवी, चेहरा लालबुंद.

"ती… अजून नीट जमली नाही."

"दिसतंय."

"रागावलीस?"

"मग काय आरती ओवाळू? शिकायचं होतं तर मी मेले होते?"

"तुलाच द्यायची होती… तुला कसं विचारणार?"

"आणि खिदळायचात कशाला एवढे?"

"ती रोज विचारायची, सांगितलंत का तिला? मी म्हणायचो, धीर होत नाही. मग ती हसायची… आणि मग मीही."

"काय सांगायचं होतं?"

त्यानं पिशवी छातीशी धरली. "माझं प्रेम आहे तुझ्यावर, कासिल्दा."

उगाच जळत होते मी, आणि कुणावर! मी ती बदामांची पिशवी ओढून घेतली.

"उद्यापासून चार वाजता माझ्याकडे यायचं. इकडे फिरकायचं नाही."

"नाही फिरकणार."

खिडकीआडून टाळ्या वाजल्या.

"तुम्ही गप्प बसा हो!" मी ओरडले, आणि त्याचा हात घट्ट धरला.