तांडेलची तहान

तांडेल दिवसाला अडीच लिटर पाणी पितो, असं मापाड्यानं सांगितलं तेव्हा कुणाचा विश्वास बसला नाही. तांडेल म्हणजे वीस किलो वजनाचा, तेरा वर्षांचा, तांबूस रंगाचा कुत्रा. एवढ्या वजनाच्या कुत्र्याला दिवसाला लिटरभर पाणी पुरतं. पण मापाड्या खोटं बोलत नाही. मापाड्या हा यंत्रमानव आणि पाणी मोजणं हेच त्याचं काम. ते काम तो इतक्या तोऱ्यात करतो, की प्रत्येक थेंब त्यानंच घडवलाय असं वाटावं.

हे सगळं घडलं ‘शिंपला’ केंद्रावर. मालवणपासून बरंच आत, समुद्रावर तरंगणारी ही वस्ती. इथली सतरा माणसं पाण्याखाली समुद्रशेवाळाची शेती करतात. चहूकडे पाणीच पाणी, पण पिण्याजोगं एक घोटही नाही. खाऱ्या पाण्यातून गोडं पाणी काढणारं एक यंत्र आहे, त्याच्यावर सगळ्यांचं चालतं. ते यंत्र सांभाळते जयवंती आत्या. आणि तिची अकरा वर्षांची भाची सुरंगी हीच आपल्या गोष्टीतली शास्त्रज्ञ. पांढऱ्या दाढीचे आजोबा शोधत असाल तर या गोष्टीत ते नाहीत.

तांडेलला शिंपल्यावर मान होता. सात वर्षांपूर्वी दाट धुक्यात तीन पाणबुड्यांची होडी बंद पडून भरकटली, तेव्हा हा पठ्ठ्या कठड्याशी उभा राहून तासभर भुंकत होता. त्या आवाजाच्या रोखानं वल्ही मारत तिघेही परत आले. सुरंगी तेव्हा चार वर्षांची होती. नवीन पाहुणा आला की ती आजही त्याला सगळ्यात आधी हीच गोष्ट सांगते.

पण गेल्या दोन महिन्यांपासून तांडेल सारखा पाणी प्यायचा आणि जाईल तिथे शू करायचा. सोमवारी स्वयंपाकी बाबलकाका त्या ओल्यावरून घसरले आणि त्यांचं मनगट मुरगळलं. केंद्रप्रमुख सामंतकाका मनानं वाईट नव्हते, पण सतरा जणांच्या हातापायांची जबाबदारी त्यांच्यावर होती. शनिवारच्या बोटीनं तांडेलला किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्या कुत्र्यांच्या आश्रमात पाठवायचं, असं त्यांनी ठरवलं.  तिथे तांडेलच्या ओळखीचं एकही माणूस नव्हतं.

सुरंगीनं मापाड्याला उपाय विचारला. तो लगेच म्हणाला, “पाणी जास्त, म्हणून लघवी जास्त. पाणी अर्धं करा, लघवी अर्धी होईल.”

ऐकायला किती सरळ वाटतं, नाही? तुम्हीही हेच केलं असतं. सुरंगीनं मंगळवारी सकाळपासून तांडेलला मोजून निम्मंच पाणी दिलं आणि कुणाला काही सांगितलं नाही. तांडेल रिकामं भांडं चाटत राहिला. मग तिच्याकडे बघत राहिला. तिनं मान फिरवली.

बुधवारी सकाळी तांडेल उठेना. त्याच्या हिरड्या कोरड्या पडल्या होत्या आणि शेपूट नुसतं हललं न हललं. सुरंगीनं घाईघाईनं भांडं भरून त्याच्यापुढे धरलं आणि मापाड्याला आकडे विचारले. कालच्या दिवसात तांडेलच्या पोटात गेलं सव्वा लिटर. त्याच्या अंथरुणातल्या शोषून घेणाऱ्या गाद्या मापाड्यानं तोलल्या होत्या, त्यावरून बाहेर आलं दीड लिटरहून जास्त. तांडेलचं वजनही अर्धा किलो घटलं होतं.

पाणी अर्धं झालं, पण लघवी अर्धी झाली नाही. आत येतं त्यापेक्षा बाहेर जास्त जातंय, हे कसं? सुरंगी रडत रडत यंत्राच्या खोलीत गेली आणि आत्याला सगळं सांगून टाकलं.

आत्या तेव्हा यंत्रातून समुद्रात सोडायच्या पाण्याचा एक थेंब तपासत होती. तिनं सुरंगीला रागावून घेतलं, कारण आजारी जनावराचं पाणी तोडणं जिवावर बेतू शकतं. मग ती पुन्हा आपल्या थेंबाकडे वळली. गोडं पाणी सोडून टाकाऊ पाणी कशाला तपासतेस, असं सुरंगीनं नाक पुसत विचारलं.

“यंत्राची तब्येत टाकलेल्या पाण्यात दिसता गो,” आत्या म्हणाली. “ह्या पाणी फिक्या पडला, की समजायचा, पडदो थकलो.”

मग तिनं समजावून सांगितलं. यंत्रात एक बारीक पडदा असतो. समुद्राचं पाणी जोरानं त्याच्यावर ढकललं की गोडं पाणी पलीकडे जातं आणि मीठ अलीकडे उरतं. पडदा चांगला असेल तर गोडं पाणी भरपूर मिळतं, आणि टाकायचं पाणी थोडं आणि खूप खारट असतं. पडदा जुना होऊन चोंदला की गोडं पाणी कमी मिळतं. उरलेलं पाणी टाकाऊबरोबरच वाहून जातं. म्हणून टाकायचं पाणी वाढतं आणि फिकं पडतं.

सुरंगीचं रडणं थांबलं. तांडेलची शू हल्ली अगदी पाण्यासारखी दिसते, हे तिला आठवलं. तांडेलच्या आतही असाच एखादा पडदा थकला असेल का? म्हणजे तो जास्त पितो म्हणून जास्त शू होत नसेल. शरीरातून पाणी निसटून जातंय, म्हणून बिचाऱ्याला प्यावं लागत असेल.

नुसतं वाटून भागत नाही, तपासावं लागतं. गुरुवारी पहाटे सुरंगीनं करवंटीला लांब दांडा बांधला आणि तांडेलमागे फिरू लागली. तांडेल संकोची निघाला. तीनदा त्यानं पाय खाली घेतला आणि तिच्याकडे रागानं पाहिलं. चौथ्यांदा जमलं. तुलनेसाठी सुरंगीनं स्वतःचीही सकाळची पहिली लघवी घेतली, कारण रात्रभर पाणी न प्यायल्यानं ती दाट असते.

आत्याकडे एक अपवर्तनमापी होता (द्रावणातून जाताना प्रकाश किती वाकतो त्यावरून त्यात किती पदार्थ विरघळलेत हे दाखवणारी छोटी नळी). आपल्या लाडक्या नळीत आता काय घालणार, हे कळल्यावर आत्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण तिनं नळी दिली. साध्या पाण्याला नळीतली रेघ शून्यावर होती. सुरंगीच्या लघवीला पंचवीस. तांडेलच्या लघवीला फक्त दहा. बुधवारी तहानेनं कोरडा पडलेला असताना गादीवर जी झाली होती, तीही मापाड्याच्या तपासणीत दहाच निघाली होती. शरीराला पाण्याची एवढी गरज असताना तांडेलला ते वाचवता आलं नव्हतं.

सुरंगीनं हे आकडे व्हिडिओ कॉलवर किनाऱ्यावरच्या पशुवैद्य डॉक्टर पारकरबाईंना दाखवले.  त्यांनी सांगितलं, की अशी तहान मधुमेहानं किंवा शरीरातल्या काही ग्रंथींच्या बिघाडानंही लागते, तेव्हा साखर आणि रक्त तपासायलाच हवं. आत्यानं त्या सांगतील तसं रक्त काढलं, मापाड्यानं ते औषधपेटीतल्या उपकरणावर तपासलं. साखर वाढलेली नव्हती, ग्रंथीही ठीक होत्या. दोष मूत्रपिंडांत होता (मूत्रपिंडं म्हणजे रक्त गाळून लघवी तयार करणारे पाठीकडचे दोन अवयव).

शुक्रवारी दुपारी जेवणाच्या खोलीत सगळे जमले.  सुरंगीनं आधी आपली चूक सांगितली, कारण ती लपवून पुढचं काही सांगता आलं नसतं. मग ती म्हणाली, की मूत्रपिंडात लाखो सूक्ष्म गाळण्या असतात. त्या रक्तातून खूप पाणी गाळतात आणि त्यातलं जवळजवळ सगळं शरीराला परत देतात. उरतं ते थोडंसं घाण पाणी, तीच लघवी. वय झालं की काही गाळण्या कायमच्या बंद पडतात. उरलेल्यांवर दुप्पट काम पडतं आणि त्या घाईत पाणी परत घेणं त्यांना जमत नाही.

“तांडेल हावरा नाही,” ती म्हणाली. “जेवढं गळतंय, तेवढं तो रोज भरून काढतोय. म्हणून तर तो अजून उभा आहे.”

मापाड्या कोपऱ्यातून म्हणाला, “माझं माप बरोबर होतं. अर्थ चुकला.” मापाड्यानं चूक कबूल केल्याचं शिंपल्यावर कुणी पूर्वी ऐकलं नव्हतं.

सामंतकाकांनी विचारलं, की हा बरा होईल का. नाही, बंद पडलेल्या गाळण्या पुन्हा उघडत नाहीत, असं सुरंगीनं स्पष्ट सांगितलं. पण मूत्रपिंडाला सोसेल असं खाणं, औषध, भरपूर पाणी आणि दर तीन तासांनी बाहेर नेणं एवढं केलं तर त्याचे पुढचे दिवस चांगले जातील, असं डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. दर तीन तासांनी कोण नेणार, असा प्रश्न आला. पहिला हात वर झाला तो बाबलकाकांचा, आणि तोही पट्टी बांधलेला. मग होडीतले ते तीन पाणबुडे उठले. पुढच्या मिनिटभरात सगळ्या पाळ्या वाटून संपल्या, आणि उशिरा हात वर करणाऱ्यांना एकही पाळी उरली नाही.

सामंतकाकांनी शनिवारच्या बोटीला निरोप धाडला, की प्रवासी रद्द.

या गोष्टीला आता चार महिने झाले. तांडेलचं वजन पाऊण किलोनं वाढलंय. डॉक्टर पारकरबाई किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्या कुत्र्यांसाठी एक तपासणी सुरू करतायत. तहान वाढलेली दिसली की आधी लघवीचा थेंब तपासायचा, म्हणजे मूत्रपिंडाचं दुखणं लवकर सापडेल आणि उपायाला वेळ मिळेल. पहिल्या शिबिरात ते कसं करायचं हे दाखवायला त्यांनी सुरंगीला बोलावलंय. आत्या कुणाचं तोंडावर कौतुक करणाऱ्यातली नाही. पण बोटीवाल्यानं सहज विचारलं, कोण जातंय शिबिराला, तर ती सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “आमची सुरंगी. आणि तांडेल.”