नव्वदच्या वरचा दिवा

सोलो शहराच्या बाजारातल्या दिव्यांच्या दुकानात मी शिरले ती तणतणतच.

"सगळ्यांत जास्त वॅटचे दिवे द्या!"

काउंटरमागचा मुलगा हसला. गालावर खळी पडली. मला हसण्याचा राग आला, खळीचा त्याहून जास्त.

"वॅट म्हणजे दिवा वीज किती खातो ते. उजेड किती देतो ते लुमेनवर बघायचं."

"म्हणजे आमचा मामा! खायला चार ताटं, कामाला शून्य."

"बघा, कळलं की तुम्हाला!"

त्याचं नाव सेतो. त्याला मी आमचं दुखणं सांगितलं. आई आणि मी बाटिकचं दुकान चालवतो. आमच्या जुन्या गिऱ्हाईक बू, म्हणजे बाई, हार्तिनींनी थोरल्या मुलीच्या लग्नाला सगळ्या मावश्या-आत्यांसाठी एकाच तपकिरी रंगाची बावीस कापडं आमच्याकडून नेली. आमच्या दिव्याखाली एकसारखी होती हो! मांडवाबाहेरच्या उन्हात अर्ध्या आत्या तपकिरी, अर्ध्या हिरवट. बू हार्तिनी रागावल्या नाहीत. "छानच होतं सगळं," म्हणून गोड हसल्या. सोलोत माणूस असं हसला की समजावं, गिऱ्हाईक समोरच्या दुकानात गेलं. आता गुरुवारी त्या धाकटीच्या लग्नाची कापडं बघायला येणार होत्या. शेवटची संधी.

सेतो उजेड मोजायचं तळहाताएवढं यंत्र घेऊन आमच्या दुकानात आला.

"कापडावर सातशे लक्स. उजेड भरपूर पडतोय."

"मग?"

"रंग खोटे दिसतायत. दिवे साडेसहा हजार केल्विनचे... निळसर पांढरे. शिवाय रंग खरे दाखवण्यात शंभरपैकी सत्तर."

"सत्तर म्हणजे पास की!"

"शाळेत. बाटिकला नव्वदच्या वर लागतात."

"आणि तुम्हाला किती गुण? — खरं बोलण्यात?"

त्याच्या हातातून यंत्र पडलं.

मंगळवारी नवे दिवे लागले. चार हजार केल्विन, पंच्याण्णव गुण. तरी बुधवारी सेतो सकाळी मोजायला आला, जेवणानंतर पुन्हा आला.

"दिवे कालच ठीक झाले," आई मला म्हणाली. "हा मोजतोय तरी काय?"

मी घडी घातलेल्या कापडाची पुन्हा घडी घालत बसले.

गुरुवारी बू हार्तिनी आल्या. दिव्याखाली कापडं निवडली आणि सगळेच करतात तशी दारात नेऊन उन्हात धरली. एक... दुसरं... तिसरं...

त्या वळल्या. अजिबात हसल्या नाहीत.

"तीस द्या," म्हणाल्या.

त्या गेल्यावर, आजही मोजायला आलेला सेतो कोपऱ्यात यंत्र पिशवीत घालत उभा होता.

"आता मोजायचं काही उरलं नाही," तो पुटपुटला.

"नाही."

"म्हणजे यायला कारणही नाही... वेनिंग, तुम्ही मला आवडता. पहिल्या दिवसापासून. मामासकट."

तो कानापर्यंत लाल झाला. मी त्याची बाही धरली आणि त्याला सरळ दारात ओढलं.

"हे काय?"

"दिवा कितीही चांगला असू दे, पसंत करण्याआधी आमच्याकडे उन्हात धरून बघतात."

भर उन्हातही तो तेवढाच लाल होता. खळीसुद्धा तीच.

"पसंत आहे," मी म्हणाले. "मलाही... पहिल्या दिवसापासून."

आतून आईचा आवाज आला, "मग आत आण त्याला, उन्हात फार वेळ ठेवलं की रंग उडतो!"