नवव्या अंकातला कोरा फुगा

गेल्या फेब्रुवारीपासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, दुपारी चार वाजता, मोरव्यातल्या माझ्या घरी तीन माणसं येत होती. मितेशभाई भाईंदर पूर्वेहून यायचे. स्टेशनजवळ त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे, वय साठीला टेकलेलं. येताना फाफडा आणायचे आणि तो खाऊन झाल्यावर सगळ्यांना साबणाने दोनदा हात धुवायला लावायचे. जागृती शाळेत चित्रकला शिकवते. वडील गेल्यावर त्यांच्या कपाटातले एका जुन्या चित्रमासिकाचे अंक तिच्याकडे आले. निकेत चौक गावच्या कोळीवाड्यातला, पस्तिशीचा, अंधेरीला ऑफिसात जातो. तो बसने यायचा आणि रिक्षा मिळाली नाही म्हणून हटकून उशीर करायचा.

मी जेवणाच्या टेबलावर स्वच्छ चादर घालून ठेवायचे. तिघं आपापला अंक पिशवीतून काढून चादरीवर ठेवत, देवाचा टाक ठेवावा तसा. मग वाचन सुरू होई. एका महिन्याला एकच अंक, मोठ्याने, पहिल्या पानापासून. १९७४ साली ज्या महिन्यात जो अंक आला होता, त्याच महिन्यात तो वाचायचा, असा त्यांचा नेम होता.

'खाडीचे चौघे' हे चित्रमासिक तेव्हा नऊ महिने निघालं आणि बंद पडलं. त्यातले चार वीर खाडीची राखण करत. दगडू हाताने भरती थोपवायचा. हंसा चिखलावरून न रुतता धावायची. सरूबाईला पाण्याखालचं ऐकू यायचं. लवूला धुक्यातून आरपार दिसायचं. अंगात झगमगते कपडे नाहीत. पुरुषांच्या कमरेला रुमाल, बायकांना काष्टा, डोक्यावर मिठाच्या पाटीची चुंबळ. पाचवा एक होडीवाला होता. त्याला नाव नव्हतं, शक्ती नव्हती, तोंडही कधी दिसलं नाही. प्रत्येक अंकात तो चौघांना होडीतून न्यायचा आणि आणायचा. नेहमी पाठमोरा.

तो होडीवाला म्हणजे माझा थोरला भाऊ शिवा, माझा दादूस. चित्रं त्याचीच. आणि पात्रांच्या बोलण्याच्या फुग्यांतली अक्षरं माझी.

आमची कामाची रीत ठरलेली होती. दादूस फुग्यांत फिक्या निळ्या पेन्सिलीने वाक्यं लिहायचा. त्यावर मी टाकाने काळ्या शाईत अक्षरं काढायचे. छपाईचे ब्लॉक करणाऱ्याच्या कॅमेऱ्याला तो निळा दिसत नसे, म्हणून पेन्सिल खोडायची गरज नव्हती. निळं तेवढं मूळ पानावर राहायचं, काळं तेवढं छापलं जायचं. "मी कुजबुजतो, तू बोल," असं दादूस म्हणायचा. त्याने निळं लिहिल्याशिवाय मी कधी एक अक्षरही काढलं नाही.

मी पुढे तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. अंगात येणं, झपाटणं यावर माझा विश्वास नाही. म्हणून फेब्रुवारीत पहिला अंक वाचताना जे दिसलं, ते मी कोणाला सांगितलं नाही.

सातव्या पानावर हंसाच्या तोंडी एक वाक्य होतं. त्यातल्या 'र'ची तिरकी रेघ मध्येच थरथरून तुटली होती. १९९८ साली मी मिठागराच्या बांधावर पडले आणि उजवं मनगट मोडलं. तेव्हापासून माझा 'र' असा तुटतो. त्याआधी कधी तुटत नव्हता. चोविसाव्या वर्षी माझं अक्षर छापल्यासारखं होतं, त्याचाच मला पगार होता.

मी चष्मा पुसला. मितेशभाईंचा अंक पाहिला, मग निकेतचा. तिन्ही अंकांत तोच 'र', पन्नास वर्षं जुन्या पिवळ्या कागदावर, जुन्या शाईत.

एप्रिलच्या अंकात असं अख्खं पान होतं. जुलैमध्ये अर्धा अंक. शेवटी जागृतीच म्हणाली, "मावशी, एक विचारू? तुम्ही परवा मला वाणसामानाची यादी दिली होती ना, तिच्यातलं अक्षर आणि हे अक्षर एकच आहे."

"माझंच आहे ते."

"तसं नाही. आत्ताचं आहे."

निकेत तिच्याकडे बघून हसला. "टीचर, तुम्ही मुलांच्या वह्या जास्त तपासता. आराम करा थोडा."

मितेशभाई मात्र हसले नाहीत. त्यांनी अंक उचलून कपाळाला लावला आणि परत ठेवला. "चंद्राबेन, मी आठ वर्षांचा होतो तेव्हापासून हा अंक माझ्याकडे आहे. एक एक पान पाठ आहे. चोपडी वाढत्ये, असं मला वाटतंय. आपण वाचतोय म्हणून."

त्या दिवशी तिघं गेल्यावर मी खिडकीत बसून राहिले. समोर मिठाचे ढीग पांढरे दिसत होते. मला भीती वाटायला हवी होती. त्याऐवजी, लहानपणी दर्याच्या पालखीपुढे उभी असताना छातीत जे व्हायचं, तेच झालं. काहीतरी फार मोठं माझ्या अगदी जवळून हळू चाललं होतं.

नवव्या अंकाबद्दल आता सांगायला हवं. हा अंक वाचणारे जे थोडे लोक उरलेत, ते सगळे एकाच गोष्टीवर भांडतात: शेवटच्या चौकटीतला कोरा फुगा.

त्या चौकटीत चौघे धक्क्यावर पाठमोरे उभे आहेत. समोर उधाणाची खाडी. दूर, पाण्याला पाणी मिळतं तिथे, होडीवाल्याची होडी, पुढचं टोक म्हणजे नाळ समुद्राकडे. खाली कोपऱ्यात एक फुगा, आत काही नाही. त्याची शेपटी चौघांपैकी कोणाकडेच जात नाही, ती चौकट ओलांडून बाहेर येते. बोलणारं माणूस चित्रात नाही. निकेतच्या मते तो खाडीचा आवाज. मितेशभाईंच्या मते पाचवा वीर, जो दहाव्या अंकात येणार होता.

ती शेपटी मीच काढली, दादूसने सांगितली तशी. "ह्यो फुगा बाहेरच्याचा हाय," तो म्हणाला. "काय लिवायचं ते संध्याकाली सांगतो. आधी खाडीच्या तोंडावरचं पानी बघून येतो, चितारायला पायजे." वही काखेत मारून तो धक्क्यावर गेला. मी त्याच्या मागे गेले.

ऑक्टोबरची अमावास्या होती, दुपारची वेळ. धक्क्यावर गावातली चार माणसं उभी होती. दादूसने होडी सोडली. तो बराच आत गेला आणि मला पाण्याचा रंग बदललेला दिसला. ओढ समुद्राकडे फिरली होती. ती चौघांनाही दिसली असणार. पण आमच्यात पाण्यावर निघालेल्या माणसाला मागून हाक मारत नाहीत. हाक मारली तर तो परत येत नाही, असं मानतात. चौघं गप्प राहिली. मीही गप्प राहिले. हाक माझ्या गळ्यापर्यंत आली होती. त्याला ऐकू गेली असती, एवढाच तो लांब होता.

होडी दुसऱ्या दिवशी वसईच्या बाजूला सापडली, उभी, आतून कोरडी. वही होडीत होती. दादूस नव्हता.

अंक छापायला जायचा होता. छापखान्याच्या माणसाने पान आहे तसं नेलं. फुगा कोरा छापला गेला, आणि लोकांना त्यात मोठं गूढ दिसलं. माझ्यासाठी ते गूढ नव्हतं. ती माझी न मारलेली हाक होती. पन्नास वर्षं एवढंच मागत आले, की ती एकदा मारता यावी.

ऑक्टोबरचा पहिला रविवार आला. निकेत चक्क वेळेवर आला. फाफड्याला कोणी हात लावला नाही. जागृतीने वाचायला घेतलं. या अंकात एकूण एक 'र' तुटका होता. शेवटचं पान आलं तेव्हा तिने आधी डोळे मिटले, मग पान उलटलं.

फुगा कोराच होता. मितेशभाईंनी श्वास सोडला.

"एक मिनिट," निकेत म्हणाला. त्याने आपला अंक जवळ ओढला. "हे पाठमोरे होते ना?"

चौघांची तोंडं आमच्याकडे होती.

दगडू, हंसा, सरूबाई, लवू. नऊ अंकांत दादूसने त्यांना शेकडो वेळा काढलं होतं; पण अशी तोंडं कधी काढली नव्हती. ते मागे वळून, चित्रातून बाहेर, चादरीवरून वर पाहत होते. कोणीतरी बोलणार आहे आणि त्याची वाट पाहायची आहे, असं. खोलीत पंखा चालू होता. पानाचं टोकही हललं नाही.

जागृतीने फोन काढला. मागच्या वर्षी काढलेला याच पानाचा फोटो होता. फोटोत चार पाठी होत्या.

"मावशी," ती हळू म्हणाली, "ते तुमच्याकडे बघतायत."

मी उठून कपाट उघडलं. मूळ पान छापखान्यातून परत आलं, तेव्हापासून ते जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवलेलं होतं. ते टेबलावर पसरलं. त्यावरही तोंडं आमच्याकडेच होती. कोऱ्या फुग्यात निळं काही नव्हतं. दादूसने काही कुजबुजून ठेवलं नव्हतं.

तेव्हा मला समजलं, की हे वाक्य तो सांगणारच नव्हता.

मी टाक आणि शाईची बाटली काढली. निकेत माझ्या बाजूला आला. मी त्याला त्या दुपारबद्दल सांगितलं होतं.

"मावशी, नको ना. तो पान्यावर हाय. मागून हाक नको." ऑफिसातली मराठी त्याच्या तोंडून गळून पडली होती.

"पन्नास वर्षं नाही मारली, निकेत. त्याने काय झालं?"

 त्याने पान हलू नये म्हणून दोन्ही कोपऱ्यांवर बोटं ठेवली.

 मी लिहिलं.

*दादूस, माघारी ये.*

'र' मध्येच तुटला.

शाई वाळेपर्यंत कोणी हललं नाही. मग मितेशभाईंनी आपला अंक पुढे ओढला. त्यांच्या तोंडून "अरे" एवढंच आलं.

छापील फुग्यात तेच वाक्य होतं. तिन्ही अंकांत. शाई फिकी, कागदात मुरलेली, भोवतीच्या अक्षरांइतकीच जुनी. मितेशभाईंच्या अंकात कडेला पन्नास वर्षांपूर्वीच्या वाळवीने कुरतडलेलं एक भोक होतं, ते 'दा'च्या काठावरून गेलं होतं.

चौघं पुन्हा पाठमोरी झाली होती.

जागृती रडत होती आणि हसतही होती. "आम्ही होतो, मावशी. हे होताना आम्ही होतो." मितेशभाईंनी चप्पल बाहेर काढलेली असूनही देवापुढे घ्यावेत तसे पाय मागे घेतले आणि हात जोडले.

निकेत एकटा वाकून बघत होता. तो कोळ्यांचा. बाकीच्यांना जे दिसलं नाही ते त्याला दिसलं.

"होडी फिरली," तो म्हणाला.

होडीची नाळ धक्क्याकडे होती.

जाताना मितेशभाईंनी आपला अंक माझ्याकडे ठेवला. "तुमच्याजवळच असू दे, चंद्राबेन. तो आला तर माझ्या दुकानात त्याला कोणी ओळखणार नाही."

तेव्हापासून आज नववा दिवस. जागृती रोज संध्याकाळी आपल्या अंकातल्या होडीला पट्टी लावते आणि फोन करते. त्या रविवारी होडी चार मिलिमीटर होती. बुधवारी सहा. काल अकरा. निकेतच्या अंकातही तेवढीच. बसून वल्हवणारा माणूस आता नीट दिसतो. वल्हवताना तोंड मागच्या बाजूला असतं, म्हणून अजून पाठच दिसते. सदरा मला ओळखता येतो, त्याचं कोपरावरचं ठिगळ मी लावलं होतं.

आज सकाळी उजेडात मितेशभाईंचा अंक उघडला. होडीवाल्याच्या डोक्यावर एक नवा फुगा आहे. छोटा, हाताने काढलेला, शेपटी त्याच्याकडे. आत एका शब्दाची पहिली रेघ सुरू होऊन थांबली आहे.

फुगा फिक्या निळ्या पेन्सिलीचा आहे. छापील कागदावर तो निळा येऊच शकत नाही.

मी टाक धुऊन, कोरडा करून, अंकाच्या उजव्या हाताला ठेवला. मग त्या रेघेवरून हलकेच बोट फिरवलं.

बोट निळं झालं, आणि ओलं.