वेदनांक शून्य

मिरजेच्या दीर्घसेवा प्रशिक्षण केंद्रातल्या परीक्षाखोलीत अक्काताई चौगुले सकाळी दहाला हजर झाली, तेव्हा तिला एकच काळजी होती. तोंड नेमकं केव्हा वाकडं करायचं?

त्याचं असं होतं. नऊ वर्षांपूर्वी हळद शिजवण्याच्या कामावर असताना काहिलीतलं उकळतं पाणी तिच्या उजव्या हातावर सांडलं. जखम भरली, बोटं हलायला लागली, पण त्यांतली जाणीव गेली ती गेलीच. परिचर्या साहाय्यकाच्या अभ्यासक्रमाच्या अर्जात प्रश्न होता, 'दोन्ही हातांच्या संवेदना शाबूत आहेत काय?' तिनं बेधडक 'होय' लिहिलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. सहा महिने निभावलंही. आंघोळीचं पाणी कोपरानं पारखायला तर तिथे सगळ्यांनाच शिकवत, आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कुशीवर वळवण्यात, घास भरवण्यात वर्गात तिचा हात कोणी धरू शकत नव्हतं.

आता राहिला होता शेवटचा विषय, सहवेदी मोजा.

हा मोजा सेवकानं उजव्या हातात घालायचा आणि रुग्णाच्या दंडावर एक पट्टा बांधायचा. पट्टा रुग्णाच्या चेतातंतूंतले वेदनेचे संदेश टिपतो आणि मोज्याच्या बोटांत तशीच कळ उठवतो. ज्याला बोलता येत नाही त्याचं दुखणं सेवकाला कळावं, ही त्यामागची कल्पना. शिवाय भिंतीवरच्या पडद्यावर शून्य ते दहा असा वेदनांक उमटतो. तो पाचावर गेला की हात काढून घ्यायचा आणि पुढचं काम यंत्रहातावर सोपवायचं, असा नियम. आदल्या दिवशी अक्काताईनं दाराच्या काचेतून पाहिलं होतं. मोजा घातलेला एकूण एक विद्यार्थी रुग्णाला हात लावताच कळवळत होता. मग आपणही कळवळायचं, असं तिनं ठरवलं. आरशासमोर चार-पाच प्रकार करूनही पाहिले.

खाटेवर कारखानीस सर होते, वय ऐंशी. दोन वर्षांपूर्वी पक्षाघातानं त्यांची वाचा गेली आणि उजवी मूठ आवळली ती सुटेना. यंत्रहाताला ती उघडत नसे, नखं तळव्यात रुतत. ती मूठ उघडायची, तळवा पुसायचा आणि नखं काढायची, एवढीच परीक्षा. परीक्षक दोघं होते. मोजा जिच्या डोक्यातून निघाला ती चेताशास्त्रज्ञ डॉ. मुग्धा कारखानीस, म्हणजे सरांची मुलगीच, आणि तो मोजा बनवणारा अभियंता बशीर मुजावर.

"सर, मी अक्काताई," तिनं खाटेजवळ वाकून सांगितलं. "नखं काढायला आलीया. जरा हात द्या बघू."

मोजा घातलेल्या हातानं तिनं त्यांचं मनगट अलगद खाली वाकवलं. मनगट वाकलं की बोटं आपसूक सैल पडतात. तेवढ्या फटीत तिनं अंगठा सरकवला, आणि आता वेळ झाली असं समजून चेहरा पिळवटला. "आई गं!"

बशीरनं कागदावरून मान वर केली. "बाई, तुम्ही कशानं कळवळलात?"

"दुखलं की वो त्यास्नी."

बशीरनं नुसतं भिंतीकडे बोट दाखवलं. पडद्यावर शून्य होतं.

मुग्धा उठून पुढे आली तेव्हा आपली चोरी पकडली गेली, असं अक्काताईला वाटलं. पण मुग्धाचा संशय मोज्यावर होता. तिनं तो स्वतःच्या हातात चढवला आणि वडिलांच्या मुठीला स्पर्श केला. तीन, पाच, सात. मूठ पुन्हा घट्ट मिटली, तिनं झटकन हात मागे घेतला.

"मोजा ठीक आहे," ती म्हणाली. "सातच. नेहमी सातच येतो." सुरुवातीच्या दिवसांत दर वेळी सात पाहिल्यावर तिनं बाबांच्या हाताला हात लावणंच सोडलं होतं. ती रोज सकाळी यायची, खुर्चीवर बसायची आणि जायची.

अक्काताईनं पुन्हा मोजा घालून मूठ धरली. पुन्हा शून्य.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "मॅडम, खोटं लिवलं मी अर्जात," ती म्हणाली. "ही बोटं मेल्यात माझी. मला काय बी कळत न्हाई. नापास करा, पर आधी ह्यांची नखं तेवढी काढू द्या. लई रुतल्यात."

मुग्धा पडद्याकडे वळली. "पण आकडा तुमच्या बोटांवरून येत नाही. तो बाबांच्या दंडावरून येतो. तुम्हाला कळो न कळो, त्यांना दुखत असेल तर तो दिसायलाच हवा."

"मॅडम," बशीर सावकाश म्हणाला, "लाउडस्पीकरच्या कर्ण्यात तोंड घालून बोललं तर कर्णासुद्धा माईकसारखा चालतो. आपल्या मोज्यातल्या तारा तशाच आहेत. तिकडचं इकडे आणतात, तसं इकडचं तिकडेही नेतात."

"ते फार क्षीण असतं. आपण मोजलंय."

"क्षीणच. पण माईक कर्ण्यासमोर आला की तेवढंच फिरून फिरून वाढतं आणि कुई करतं. हात लावताना आपण घाबरतो. ती थरथर त्यांच्या दंडात जाते, स्नायू आवळतात, त्यांना दुखतं. ते आपल्याला कळतं, आपण आणखी घाबरतो. तीन, पाच, सात. अक्काताईंच्या बोटांतून काही जात नाही आणि येतही नाही. फेराच तुटला."

मुग्धानं वडिलांच्या मुठीकडे पाहिलं. "म्हणजे त्यांना खरंच दुखत होतं?"

"खरंच. पण मोज्यामुळे."

मोजा काढून वेदनांक पाहावा हे दोघांनाही सुचलं नव्हतं. हातात मोजा नाही तर पट्टा कशाला बांधायचा? एवढी शिकलेली माणसं, आणि साधी गोष्ट राहून गेली होती.

अक्काताईनं मोजा काढून ठेवला. "धरा की मॅडम. आधी मनगट वाकवा. जोर लावू नगा."

मुग्धानं उघड्या हातानं वडिलांचं मनगट धरलं. पडद्यावर एक उमटला, क्षणभर थांबला आणि शून्यावर गेला. मूठ सुटली. तळवा पांढरा, सुरकुतलेला होता आणि त्यावर नखांचे चार व्रण होते. मुग्धा रडली, आणि ते लपवायचा प्रयत्नही तिनं केला नाही. अक्काताईनं तळवा कोमट पाण्यानं पुसला आणि एकेक नख काढलं. शेवटचं नख होईपर्यंत खाटेवरून घरघर ऐकू यायला लागली.

बशीर दचकला. "श्वास अडकला काय?"

"घोरतात की वो," अक्काताई म्हणाली.

"घोरायचेच," मुग्धा डोळे पुसत म्हणाली. "आईला झोप लागायची नाही."

बशीर राज्यभरातल्या चारशे खाटांवरचे पट्टे सोडवण्याचा निरोप द्यायला बाहेर धावला. मुग्धानं अक्काताईचा अर्ज मागवला. त्यातलं 'होय' खोडून 'नाही' लिहायला लावलं, आणि कोपराची सवय जन्मभर सोडू नका, असं बजावलं. मग तिनं प्रमाणपत्र पुढे ओढलं.

त्या प्रमाणपत्रावरची मुग्धाची सही पहिलीतल्या मुलानं केल्यासारखी वाकडीतिकडी आहे. ती डाव्या हातानं करावी लागली. तिच्या उजव्या हाताची बोटं झोपलेल्या सरांनी मुठीत धरून ठेवली होती.