पियानिनोतला दिवा

दाराला आतून कुलूप होतं आणि किल्ली काशीरामांच्या मुठीत. पाटली सापडल्याशिवाय कोणी बाहेर जायचं नाही, असं त्यांनी बजावलं होतं. दिवंगत पत्नीची ती एकच खूण उरली होती.

भाट्ये गावातल्या त्या खोलीत पावसामुळे खिडक्याही बंद. दीक्षा कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. ती इथे मुलांना वाजवायला शिकवायची, आणि काशीराम आपलं वाद्य तिच्या वर्गालाच देणार होते. संशय तिच्यावरच होता. चोर ठरली तर वर्ग जाणार, नावही जाणार. तिनेच फोन करून खाजगी तपासनीस प्रभावतीबाईंना बोलावलं होतं.

त्यांचा सहकारी बाबू वाद्याकडे बघत राहिला. "पियानो एवढा बुटका?"

"पियानिनो," काशीराम रागातही म्हणाले. बोटीवर असताना जर्मन, पोलिश, रशियन खलाशांकडून त्यांनी हेच नाव ऐकलं होतं.

"मोठ्या पियानोत तारा आडव्या, यात उभ्या," प्रभावतीबाईंनी बाबूला समजावलं. "म्हणून भिंतीला लागून मावतो. खाली गुडघ्यांपाशी पोकळी राहते."

"फटीतून उजेड येतोय," बाबू म्हणाला.

दमटपणाने पट्ट्या फुगतात, म्हणून पावसाळाभर आत पिवळा बल्ब जळतो, असं दीक्षाने सांगितलं. त्याचं बटण बाहेर ओटीवर. पोकळीवरची फळी काढायची तर ती आणि काशीराम आधी ते बंद करतात.

पाटली रात्री कपाटात होती, सकाळी वर्ग सुटल्यावर नव्हती, असं काशीराम म्हणाले. मुंबईहून काल आलेला पुतण्या रितेश म्हणाला, आपण त्या डबड्याला हातही लावला नाही. ते फुकट देण्यापेक्षा विकावं. त्याच्या बोटांच्या टोकांवर फोड होते. चहा सांडला म्हणे.

"पोकळी आहे ना? मग तिथे बघा की," तो म्हणाला.

"बाबू, रुमाल घे. भाजेल," प्रभावतीबाई म्हणाल्या.

बाबूने फळी काढली. बल्बमागे पाटली होती. दीक्षाचा चेहरा पांढरा पडला. काशीरामांनी पोलिसांसाठी फोन उचलला.

"थांबा," प्रभावतीबाई म्हणाल्या. "दीक्षाचे हात बघा, तुमचेही. दोघांना बटण माहीत, म्हणून दोघांचेही हात शाबूत. चहा सांडला तर हातावर पसरतो, फक्त बोटांची टोकं भाजत नाहीत. ज्याने तापलेला बल्ब चिमटीत धरून बाजूला सारला, तो घरात नवखा माणूस. दीक्षा चोर ठरली की वाद्य घरातच राहणार होतं. विकायला."

रितेशने हात खिशात घातले.

काशीरामांनी फोन खाली ठेवला. मग त्यांनी किल्ली दीक्षाच्या हातात ठेवली.

तिने कुलूप काढलं, दार सताड उघडलं.

"रितेशदादा, आधी तुम्ही."