नव्या डिस्कमधला आवाज

जरा जवळ सरकून बसा. यापेक्षा मोठ्यानं मला बोलता येत नाही. डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं, घशात काहीच नाही म्हणाले.

तुम्हीही माझ्यासारखेच कॉम्प्युटर दुरुस्त करता, म्हणून तुम्हाला लोणारहून बोलावलं. काम साधं आहे. जुन्या डिस्कवरचं सगळं नव्या डिस्कवर न्यायचं. मीही तेवढ्यासाठीच भर दुपारी देऊळगाव राजाहून साखरखेर्ड्याला गेलो होतो.

तिथं माणिकरावचं रेकॉर्डिंगचं दुकान आहे. कुणाकडे मयत झाली की ऑटोवर भोंगा बांधून गावोगाव कळवतात ना, ती बातमी त्याच्या कॉम्प्युटरमध्ये तयार होते. आवाज वाहेदचा. माणिकरावनं एकदाच वाहेदला बसवून सगळी आडनावं, गावं, वेळा म्हणून घेतल्या आणि लागतील तसे तुकडे जोडत राहिला. वाहेद वारला, तेव्हा त्याच्या मयतीची बातमीही या माणसानं वाहेदच्याच आवाजात फिरवली! वाहेदची बायको आलिमा दारात उभी राहून ऐकत होती म्हणे. जनाची नाही तर मनाची तरी?

"डिस्क खराब झाली बे धम्मा," माणिकराव मला म्हणाला. "आवाज बसून राह्यला. ऐक."

त्यानं बटण दाबलं. 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की...' एवढं धड आलं आणि पुढं खरखर. यंत्राची खरखर मी रोज ऐकतो. ही तसली नव्हती. दोन नावांच्या मध्ये कुणीतरी आवंढा गिळत होतं.

मी डिस्क तपासली. ठणठणीत होती.

"शेठ, डिस्क चांगली आहे."

"मंग आवाज काऊन बसला? तू नवीन टाक, मी जेवून येतो."

तो गेला. मी नवी डिस्क वायरनं जोडली आणि कॉपी लावली. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून त्या खोलीच्या भिंतींना सगळीकडे फोम चिकटवलेला. आपलाच श्वास कानात वाजतो. थोड्या वेळानं लोबानचा वास यायला लागला. वळून पाहिलं तर आलिमा दारात उभी.

"भाऊ... त्याईचा आवाज नव्यात टाकू नका."

"वहिनी, शेठ काय म्हणेल?"

"मेलेल्या माणसाले किती दिवस राबवता? रोज सपनात येतात. पानी मांगतात. गळा सुकला म्हणतात..."

वाहेदच्या आवाजाचं फोल्डर मी वगळलं आणि बाकीचं तेवढं नव्या डिस्कवर नेलं. जुनी डिस्क काढून तिच्या हातात दिली. तिनं ती ओढणीत गुंडाळली.

"त्याईच्या कबरीपाशी पुरून टाकते," म्हणाली आणि गेली. लोबानचा वास मात्र तिथंच राहिला.

नव्या डिस्कवर कॉम्प्युटर सुरू झाला. आवाज नीट येतो का ते पाहायचं म्हणून मी माईक पुढं ओढला. "हॅलो... हॅलो..." म्हटलं. स्पीकरमधून माझा आवाज स्वच्छ आला. मी माईक बंद केला.

"हॅलो," स्पीकर पुन्हा म्हणाला.

घुमला असेल, असं वाटलं. फोमच्या खोलीत आवाज घुमत नाही, हे परतीच्या एसटीत लक्षात आलं.

आवाजाच्या फायली आल्या नाहीत, जुनी डिस्क गेली, असं मी माणिकरावला ठोकून दिलं होतं. त्यानं शिव्या घातल्या. मला त्याचं काही वाटलं नाही. चांगलं काम केलं, या खुशीतच घरी आलो.

पुढच्या आठवड्यात मी आणि बायको, प्रतीक्षा, भाजी घेत होतो. बालाजी मंदिराकडून भोंग्याचा ऑटो आला. 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की...' आवाज माझा होता.

"तुम्ही हे कधी रेकॉर्ड केलं?" तिनं विचारलं.

मी तोंड उघडलं. नुसती हवा बाहेर आली.

तसाच साखरखेर्ड्याला गेलो. माणिकरावनं मला कॉम्प्युटरला हातही लावू दिला नाही.

"तूच तं देऊन गेला बे. सगळी आडनावं आहेत, सगळी गावं आहेत. वाहेदपेक्षा तुहा आवाज झकास!"

मी तिथं फक्त हॅलो म्हणालो होतो हो.

आलिमाला कळलं तेव्हा ती ढसाढसा रडली. वाहेद आता सपनात येत नाही म्हणाली. तिच्यावर माझा राग नाही. राग त्या माणिकरावचा येतो, आणि मला त्याला धड शिवीही देता येत नाही. सारखी तहान लागते. तांब्यावर तांब्या रिचवतो, घसा ओला म्हणून होत नाही.

काल त्याचा फोन आला होता. "नवीन डिस्कबी खराब निघाली बे. आवाज बसून राह्यला. तू नको येऊ, दुसरा माणूस पाठव."

म्हणून तुम्हाला बोलावलं. माझा आवाज तेवढा वगळा आणि ती डिस्क मला आणून द्या. तुमचं नाव मी त्याला सांगितलेलं नाही. पण तिथं माईक पुढं येईल. माणिकराव काही विचारेल. तोंड उघडू नका. खोकलासुद्धा येऊ देऊ नका.

मघापासून तुम्हालाही लोबानचा वास येतोय ना?

जाल ना...? थांबा, थांबा, बोलू नका. नुसती मान हलवा.